कोंबो काय कोंबडी

नऊ वाजले की कातळ चपलेतून चावतो,
म्हणून उजाडतानाच सडा गाठला.
तारेची कडी लावलेला डालड्याचा डबा,
अंगात नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट,
बटणं मनगटापर्यंत लावलेली.

तोरणं यंदा नावालाच.
अळवाखाली वानरांनी अर्धी खाऊन टाकलेली फळं,
त्यातली दोन धडकी उचलली,
तांदळाच्या डब्यात पुरून ठेवीन, पिकतील.
चाराचं झाड कुणीतरी तोडलंय.
बुंध्यावर डिंक अजून ओला.

पाण्याच्या टाकीकडची जाळी तेवढी तशीच,
म्हशीएवढी, रुंद, कुणाच्या सातबाऱ्यावर नसलेली.
वाकले, काटा चुकवला, पहिलं करवंद टाकलं.
टप्.
पलीकडून कुणाच्या डब्यात
टप्.

सुरुवातीला करवंद पत्र्यावर पडतं, वाजतं.
बूड झाकलं की आवाज मऊ होतो.
तिचा आवाज मऊ होता.
माझ्याआधी आलेली.
मग खोकली, आणि मला चेहरा बघायची गरज उरली नाही.

शालनवैनी. माझी थोरली जाऊ.
वाटणीला तीन वर्षं झाली.
सतरा कलमं तिला, सोळा आणि एक फणस मला.
विहिरीच्या पंपाचे वार ठरले,
मला मंगळ, गुरू, शनी.
भांडता भांडता पाटा तिच्याकडे गेला,
वरवंटा माझ्याकडे राहिला.
दोघींनीही मिक्सर घेतला.

सासूने मात्र अंथरुणावरून
दोन गोष्टी कागदाबाहेर वाटलेल्या:
थोरलीच्या कानात अळमीची जागा,
माझ्या कानात कालवांची.
का, ते विचारायचं राहिलं.
तेव्हापासून श्रावणात भिंतीपलीकडून
अळमीच्या तोणाकाचा वास येतो
आणि आमच्याकडे सगळे गप्प जेवतात.
अमावास्येला तिच्याकडे कालवांचा वास जात असणार.
मी खिडकी लावत नाही.

जाळीच्या दोन बाजूंनी आम्ही तोडत राहिलो.
चीक बोटांवर सुकत गेला.
एक फांदी मी ओढली की तिकडची हलायची,
ती ओढायची तेव्हा माझी निसटायची.
शेवटी एक टपोरं करवंद हातात आलं,
डब्यात टाकवेना.
फोडलं. आत लालभडक.
"कोंबो," मी म्हटलं.
जाळीला म्हटलं, आणखी कुणाला नाही.

बराच वेळ पानंसुद्धा हलली नाहीत.
मग तिकडून,
"माझी कोंबडी गे."

पुढचं ती तोडता तोडता बोलली,
जणू स्वतःलाच आठवण करून देत होती:
"व्हाळापलीकडे किंजळ आसा, वाकडी.
तिच्या मुळात रोयण.
श्रावणातल्या पयल्या सोमवाराअदी जा.
मागसून गेल्यार किडे पडतत.
आणि मुळासकट उपटू नको."

मी दोन करवंदं तोडली. तिसरं.
मग सांगितलं, "काळ्या खडपार.
अमाशेच्या सुकतीक.
बारीक कोयती ने, सुरी मोडता.
पाठ दर्याकडे करू नको."
"म्हायत आसा," ती म्हणाली, "दर्याचा म्हायत आसा माका."
आणि पहिल्यांदा हसली, खोकल्यातून.

टाकीच्या बाजूने ती गेली, मी देवळाच्या.
एकमेकींना पाहिलं नाही,
फक्त तिच्या डोक्यावरचा निळा टॉवेल
गवतावरून चालत गेलेला दिसला.

घरी बोटांना खोबरेल चोळून चीक काढला.
चोळताना आठवलं,
काळ्या खडपाच्या पलीकडचं, बुटकं,
जिथली कालवं खरी मोठी,
ते मी सांगितलंच नाही.
तिनेही एखादी रोयण ठेवलीच असेल.
ठेवावी.

आज मंगळवार. पंप माझा होता.
दुपारी तिचं पिंप भरून मगच बंद केला.